रबर फुगते म्हणजे काय होते?



ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावणे धाडले, तेव्हा आम्ही मजुरी, बोनस, कंत्राटी कामगार असा काहीतरी विषय घेऊ, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही 'रबर' एवढेच लिहून कळवले. दुसऱ्या दिवशी चालकांपैकी एक गृहस्थ आमच्याकडे आले आणि म्हणाले, "भाऊ, चिठ्ठी बदलली तर नाही ना?" चिठ्ठी बदललेली नाही. मजुरीविषयी आम्ही तीस वर्षे बोलत आलो आहोत आणि पुढेही बोलणार आहोत. पण एका रबराच्या तुकड्याने भर चौकशीत आमची जी फजिती केली, ती आजवर कोणत्याही व्यासपीठावरून सांगितली नव्हती. ती आज सांगावयाची आहे.

आमचे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि एका निवृत्त रसायनशिक्षकांच्या ओसरीवर झाले. तेव्हा कोणी शास्त्रज्ञ सभेत बसले असतील, तर त्यांनी आमच्या भाषेस हसावे, पण गोष्ट खोटी असेल तरच हात वर करावा.

गोष्ट १९९६ सालची. आम्ही तेव्हा युनियनच्या कामात नवे होतो आणि नव्या माणसाचा आवाज जरा मोठाच असतो. एका खाजगी मालवाहतूक कंपनीचा जुन्या बनावटीचा ट्रक घाट उतरत होता. ब्रेक आधी धरून राहिला, चाके तापली आणि मग ऐन वळणावर पकड गेली. ड्रायव्हरने प्रसंगावधान राखून गाडी दरीकडे न जाऊ देता डोंगराच्या अंगावर घातली. जीव वाचले, पण क्लीनरचा पाय मोडला. कंपनीने ड्रायव्हरला निलंबित केले. आरोप असा की, सारा उतार त्याने ब्रेकवर पाय ठेवून गाडी हाकली, म्हणून ब्रेक जळाला.

चौकशीत कामगाराची बाजू मांडावयास आम्ही उभे राहिलो. आम्ही ठणकावून सांगितले, "ब्रेकचे रबरी कप झिजलेले होते. कंपनी नवे घालीत नाही. दोष कंपनीचा!" कंपनीचे इंजिनिअर शांत गृहस्थ होते. त्यांनी कागदात गुंडाळलेला कप टेबलावर ठेवला, शेजारी नवा कोरा कप ठेवला आणि म्हणाले, "पुढारी, झिजलेली वस्तू लहान होते की मोठी?" गाडीतून काढलेला कप नव्यापेक्षा चांगलाच मोठा होता. मऊही होता, बोटाने दाबला तर पाकात मुरलेल्या गुलाबजामासारखा दबत होता. आम्हांस उत्तर सुचले नाही. त्या दिवशीचे कामकाज तिथेच थांबले आणि ड्रायव्हरची बायको दारात उभी होती, तिच्याकडे न पाहता आम्ही बाहेर पडलो. घोषणा देऊन रबर आकसत नाही, हे त्या दिवशी कळले.

त्याच रात्री गॅरेजमधला एक पोरगेला हेल्पर घरी आला. दार लोटून म्हणाला, "भाऊ, माझं नाव घेऊ नका. गाडी निघायच्या चार दिवस आधी टाकीत तेल कमी दिसलं. स्टोअरमध्ये ब्रेक ऑइल मागितलं, तर म्हणाले संपलंय. गाडी तर उभी करता येत नव्हती. कोपऱ्यात डबा होता, त्यातलं ओतलं. ते इंजिन ऑइल होतं. तेलच ना शेवटी, असं वाटलं."

तेलच ना शेवटी! बंधुभगिनींनो, ह्या तीन शब्दांचे उत्तर शोधण्यात आमचे पुढले तीन आठवडे गेले.

उत्तराची सुरुवात सायकलच्या दुकानापासून करावी. पंक्चर काढणारा ट्यूबवर जे 'सोल्युशन' लावतो, ते म्हणजे पेट्रोलसारख्या द्रवात विरघळवलेले कच्चे रबर. कच्चे, म्हणजे झाडाचा चीक गोठवून वाळवलेले. ते अशा द्रवात टाकले, की आधी फुगते, मग लिबलिबीत होते आणि अखेर सगळे विरघळून जाते. पण ज्या ट्यूबवर ते लावले, ती ट्यूबही रबराचीच. ती मात्र विरघळत नाही. तीच ट्यूब कापून पेट्रोलमध्ये टाका. ती फुगेल, मऊ होईल, पण तुकडा तुकडाच राहील. असे का?

चार्ल्स मॅकिन्टॉश ह्या स्कॉटिश गृहस्थाने १८२३ साली कच्चे रबर डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थ्यात विरघळवून दोन कापडांच्या मध्ये ते लावले आणि पाणी न शिरणारा कोट तयार केला. पण तो उन्हात चिकट होई व थंडीत ताठ. ह्या रोगावर औषध सापडले ते चार्ल्स गुडइयर ह्या अमेरिकन माणसाला. गंधक मिसळलेले रबर तापवले, तर ते वितळत नाही, उलट कणखर व लवचिक होते, हे त्याने १८३९ साली ओळखले. १८४४ साली त्यास अमेरिकेत पेटंट मिळाले. इंग्लंडात टॉमस हॅन्कॉकने त्याच सुमारास पेटंट घेतले. ह्या क्रियेस व्हल्कन ह्या रोमन अग्निदेवाचे नाव देऊन व्हल्कनीकरण म्हणतात. गुडइयरने कर्जापायी तुरुंगही पाहिला होता आणि १८६० साली तो मेला तेव्हाही डोक्यावर कर्ज होते. त्याचे नाव धारण करणाऱ्या टायर कंपनीशी त्याचा काही संबंध नव्हता. ती त्याच्या मृत्यूनंतर, १८९८ साली निघाली. शोधकाच्या वाट्यास काय येते, हे आम्हां कामगारांस निराळे सांगावयास नको.

गंधक नेमके करते काय? रबर कार्बन आणि हायड्रोजन ह्या दोनच मूलद्रव्यांचे बनलेले आहे. पाच कार्बनांमागे आठ हायड्रोजन, हे प्रमाण मायकेल फॅरडेने १८२६ साली काढले. हा फॅरडे मूळचा पुस्तके बांधणाराकडला उमेदवार. बांधावयास आलेली पुस्तके वाचून शिकला. त्याचे नाव घेताना आम्हांस आमचे वाचनालय आठवते. ह्या पाच-आठच्या दुव्याचे हजारो दुवे एकापुढे एक जोडले की रबराचा एक रेणू होतो. म्हणजे रेणू कसला, लांबच लांब धागाच तो. असे असंख्य धागे शेवयांसारखे एकमेकांत गुंतून पडलेले असतात. कच्च्या रबरात धागे नुसते गुंतलेले असतात, बांधलेले नसतात. व्हल्कनीकरणात गंधकाचे अणू एका धाग्यापासून दुसऱ्या धाग्यापर्यंत आडवे टाके घालतात. नेहमीच्या मऊ रबरात शंभर भागांस दोन-तीन भाग गंधक पुरतो. एवढ्यानेच साऱ्या धाग्यांचे मिळून एक जाळे होते.

आता ह्या जाळ्याजवळ द्रव आणा. द्रवाचे रेणू लहान आणि चपळ. रबराशी त्यांचे गोत्र जुळत असेल, तर ते धाग्यांच्या मध्ये शिरतात. रॉकेल, पेट्रोल, इंजिन ऑइल हे सारे कार्बन-हायड्रोजनचेच बनलेले, म्हणजे रबराचे सगोत्र. ते आत शिरून धागे एकमेकांपासून दूर सारू लागतात. धागे सुटे असते तर ते द्रवात वाहून गेले असते, तेच सोल्युशन. पण टाके घातलेले असल्यामुळे धागे ताणले जातात आणि ताणलेला धागा परत आकसू पाहतो. द्रव आत शिरावयास धडपडतो, जाळे त्याला मागे रेटते. दोन्ही जोर सारखे झाले की फुगणे थांबते. पॉल फ्लोरी आणि जॉन रेनर ह्यांनी १९४३ साली ह्या झटापटीचे गणित मांडले. फ्लोरीस पुढे १९७४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या गणिताची खुबी अशी, की रबर किती फुगले हे मोजून आत टाके किती दाट आहेत, ते सांगता येते. टाके विरळ तर फुगवटा मोठा. टाके दाट तर फुगवटा लहान. शंभरास तीस भाग वा त्याहून अधिक गंधक घातला, तर एबोनाइट होते. ते फारच थोडे फुगते, पण लवचिकपणाही जातो. आपटले की फुटते.

आमच्या एका तरुण सहकाऱ्याने हे ऐकले आणि टाळी वाजवली. म्हणाला, "भाऊ, टाके म्हणजे संघटना! एकजूट असली की कामगार विरघळत नाही!" आम्ही त्यास म्हटले, सभेत सांगावयास दृष्टान्त बरा आहे, पण चौकशीत दृष्टान्त चालत नाही, वजन-माप चालते.

आता 'तेलच ना शेवटी' ह्याचे उत्तर. सगळी तेले एका गोत्राची नाहीत. हातास बुळबुळीत लागते त्या प्रत्येक वस्तूस आपण तेल म्हणतो, पण रबर बोटाने पारखत नाही. ब्रेक दाबावयास पूर्वी एरंडेल आणि अल्कोहोल ह्यांचे मिश्रण वापरीत. एरंडेलाच्या रेणूत ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जी जोडी असते, तीमुळे ते नैसर्गिक रबराशी फारसे सलगी करीत नाही. पुढे ग्लायकोल जातीचे द्रव आले. त्यांचे आणि रबराचे गोत्र त्याहून दूरचे. बाजारात आपण त्यांना 'ब्रेक ऑइल' म्हणतो, पण खऱ्या अर्थाने ते तेल नव्हेच. त्यांत कप अगदी थोडा फुगतो आणि तेवढे फुगणे हवेच असते. कप आकसला तर गळती लागेल. इंजिन ऑइल जमिनीतल्या खनिज तेलापासून झालेले, म्हणजे रबराचे सख्खे. ते ब्रेकमध्ये ओतणे म्हणजे कपाला त्याच्या भाऊबंदांच्या पंगतीला बसवणे.

मग अपघात कसा झाला? मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक छिद्र असते. ड्रायव्हरने पाय काढला की दाबलेला द्रव त्यातून टाकीकडे मोकळा होतो. कप फुगला की ते छिद्र झाकले जाते. मग पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही. लायनिंग ड्रमवर घासत राहते, ड्रम तापतो आणि तापलेल्या ब्रेकची पकड जाते. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते, ड्रायव्हर ब्रेकवर पाय देऊन बसला होता. वास्तविक पाय त्या फुगलेल्या कपाचा होता.

हे सारे आम्ही पुस्तकातून आणि मास्तरांकडून शिकलो. पण मास्तरांनी एक ताकीद दिली. "हे चौकशीत तोंडाने सांगू नकोस. दाखव." म्हणून आम्ही इंजिनिअरसाहेबांनाच विनंती केली. एकाच पुडीतले तीन नवे कप घेतले. सराफाच्या काट्यावर तोलले, व्हर्निअरने व्यास मोजला आणि तीन बरण्यांत घातले: एकीत ब्रेक ऑइल, दुसरीत इंजिन ऑइल, तिसरीत पाणी. झाकणांवर त्यांची सही आणि आमची सही. बरण्या त्यांच्याच कपाटात, किल्ली चौकशी अधिकाऱ्याकडे.

फुगण्यास वेळ लागतो, हे येथे सांगितले पाहिजे. द्रव बाहेरून आत झिरपत जातो आणि जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट लागतो. एका मिलिमीटरच्या पत्र्यास एक दिवस लागत असेल, तर दोन मिलिमीटरच्या पत्र्यास चार दिवस. द्रव पातळ असेल तर लवकर शिरतो, घट्ट असेल तर उशिरा. ऊब असेल तर वेग वाढतो. घट्ट तेल 'काही करीत नाही' असे पहिल्या दिवशी वाटते ते ह्यामुळेच. गाडी चार दिवस नीट चालली आणि मग घाटात दगा दिला, ह्याचेही कारण तेच.

दुसरी गोष्ट मापाची. व्यास दहा टक्के वाढला तर आपल्यास वाटते, दहाच टक्के फुगले. पण लांबी, रुंदी, जाडी तिन्ही दहा-दहा टक्के वाढल्या की आकारमान तेहतीस टक्के वाढते. म्हणजे तुकड्याने आपल्या एक-तृतीयांश आकाराइतका द्रव पिऊन घेतलेला असतो. टोल्युइनसारख्या द्रवात तर मऊ रबर मूळ आकारमानाच्या कैक पट होते. आकारमान आठपट झाले तरी लांबी दुप्पटच दिसते. डोळ्यापेक्षा काट्यावर विश्वास ठेवावा तो एवढ्याचसाठी.

आठव्या दिवशी बरण्या उघडल्या. पाण्यातला कप होता तसाच होता. ब्रेक ऑइलमधला सिलिंडरमध्ये अलगद बसला. इंजिन ऑइलमधला सिलिंडरच्या तोंडाशीच अडला. लोटला तरी आत जाईना. इंजिनिअरसाहेबांनी तो अपघातातल्या कपाशेजारी ठेवला, बराच वेळ पाहिले आणि स्वतःच्या हाताने कागदावर लिहून दिले की, दोन्हींची स्थिती सारखी आहे. त्या गृहस्थांविषयी आमच्या मनात आजही आदर आहे. ते मालकाचे नोकर होते, पण वजनकाट्याशी त्यांनी बेइमानी केली नाही.

पण येथे खरी अडचण उभी राहिली. ड्रायव्हर सुटणार होता तो हेल्परच्या गळ्यात फास घालून. तोही आमचाच माणूस. युनियनच्या खोलीत त्या रात्री दोनपर्यंत वाद झाला. काही म्हणाले, तेल कोणी ओतले ते विचारू नका, सांगू नका. आम्हांस ते पटले नाही. क्लीनरचा पाय मोडला होता; त्याला कोणी तरी खरे सांगावयास हवेच होते. अखेर हेल्पर स्वतः म्हणाला, "मी सांगतो. पण स्टोअरचं रजिस्टरही मागा." रजिस्टर मागवले. ब्रेक ऑइलची मागणी तीन आठवडे लिहिलेली होती आणि पुरवठ्याचा रकाना कोरा होता. इंजिन ऑइलच्या डब्यावर चिठ्ठीही नव्हती.

निकाल असा लागला. ड्रायव्हरवरचा आरोप काढून घेतला, तो कामावर परत आला, पण निलंबनाच्या काळाचा निम्माच पगार मिळाला. हेल्परला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. क्लीनरला नुकसानभरपाई मिळाली, तरी तो अद्याप लंगडतो. स्टोअरमध्ये डब्यांना निरनिराळे रंग आले. ह्याला आम्ही विजय म्हणत नाही. हे सारे अपघाताच्या आधी एका चिठ्ठीने झाले असते.

ह्या नंतर आम्हांस रबराचा नादच लागला. तेलास दाद न देणारे रबर हवे म्हणून लोकांनी काय काय केले, तेही वाचले. अमेरिकेत १९३१ साली निओप्रीन बाहेर आले, त्याच दशकात जर्मनीत नायट्राइल रबर झाले. ह्यांच्या धाग्यांत मुद्दाम परक्या गोत्राचे अणू घातलेले असतात, म्हणून खनिज तेल त्यांत फारसे शिरत नाही. १९४२ साली जपानने मलाया घेतला आणि दोस्त राष्ट्रांचे नैसर्गिक रबर तुटले, तेव्हा कृत्रिम रबराचे कारखाने झपाट्याने उभे राहिले. आज गाड्यांच्या ब्रेकमध्ये बहुधा कृत्रिम रबराचेच कप असतात. पण म्हणून निश्चिंत होऊ नये. ग्लायकोल सोसणारे ईपीडीएम नावाचे रबरही खनिज तेलात फुगतेच. आणि तेल सोसणारे नायट्राइल ब्रेकच्या द्रवाला योग्य नसते. सर्व द्रवांस पुरून उरेल असे रबर आमच्या पाहण्यात नाही. कोणते रबर, कोणत्या द्रवाशी, हा प्रश्न दर वेळी नव्यानेच विचारावा लागतो.

हाच प्रश्न आम्ही आता हातमोज्यांविषयी विचारतो. रंगाच्या कामावर, छापखान्यात, यंत्रे धुण्याच्या जागी कामगारास रबरी मोजे दिले, की देणारास वाटते, कर्तव्य झाले. मोजा नैसर्गिक रबराचा आणि काम थिनरचे असेल, तर थिनर मोज्यात मुरतो, मोजा फुगतो आणि आतल्या बाजूने हाताला पोहोचतो. मोजा फाटलेला नसतो, म्हणून कोणास संशय येत नाही. पाण्याच्या कामास जो मोजा उत्तम, तोच थिनरच्या कामास कुचकामाचा. मोजा सैल, मऊ वा सुरकुतलेला वाटू लागला तर तो काढून टाका आणि कोणत्या रबराचा आहे ते विचारा. विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

घरी करून पाहण्याजोगे दोन प्रयोग सांगतो. रबरबँड घेऊन पट्टीवर मोजा, रात्रभर थोड्या रॉकेलात ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा; विस्तवाजवळ मात्र करू नका. मग ओढून पाहा, सहज तुटेल. दुसरा न ओढता वाऱ्यावर पसरून ठेवा, काही दिवसांत तो बहुतेक पूर्वीच्या मापावर येईल, कारण टाके तुटलेले नसतात. दुसरा प्रयोग मुलांचा. फुगा चांगला फुगवा आणि संत्र्याची ताजी साल त्याच्यावर पिळा. सालीतले तेल रबराचे सगोत्रच आहे. फुगा बहुधा फटकन फुटेल. मुलांच्या डोळ्यांपासून साल दूर धरा, एवढे सांभाळा.

अध्यक्षमहाराज, दिलेला वेळ संपत आला. आम्हांस ज्याने गप्प केले तो कप आम्ही इंजिनिअरसाहेबांकडून मागून घेतला होता. तो आज येथे टेबलावर आहे आणि शेजारी गेल्या आठवड्यात भरलेल्या तीन बरण्या आहेत. सभा संपली की पुढे येऊन पाहा, चिमट्याने उचला, काट्यावर तोला. ज्यांच्या घरी कोणी गॅरेजमध्ये कामास असेल, त्यांनी त्यास घेऊन यावे. बरण्या उद्या दुपारपर्यंत वाचनालयात ठेवण्याची परवानगी चालकांनी दिली आहे.